गार हात

सासूबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या,
"हात कसले गं तुझे, विहिरीच्या दोरासारखे."
भाकरी थापताना कड फाटायची
आणि दोष हाताला लागायचा.

पुढं कॅम्पात ओलिंडा टीचरकडे भांड्यांना लागले.
एका रविवारी त्यांनी माझा हात धरला,
स्वतःच्या गालाला लावून पाहिला,
म्हणाल्या, "इंदुमती, हे लोण्याचे हात."
कुणी हाताला नाव ठेवायच्या ऐवजी
नाव दिलं, ते तेव्हाच.

दोन कप मैदा, दोन चमचे बेकिंग पावडर,
मिठाची चिमूट, साखर हवी तर.
लोणी फ्रीजच्या पोटातलं, दगडासारखं.
बोटांच्या शेंड्यांनी चुरायचं, तळवा लावायचा नाही.
रव्यागत झालं की दूध,
आणि मग मळायचं नाही.

हेच जड गेलं.
जन्मभर पीठ रगडलेली बाई मी,
भेगाळलेला गोळा तसाच सोडायचा म्हणजे
पाहुण्यांसमोर विस्कटल्या केसांनी उभं राहणं.
"राहू दे," टीचर म्हणायच्या, "छळू नकोस त्याला."

कापायला स्टीलचा पेला.
सरळ दाबायचा, सरळ उचलायचा.
पिळला तर कड मिटते
आणि स्कोन एका बाजूला कलून फुगतो,
उद्यमबागच्या बसमधून उतरणाऱ्या
रात्रपाळीच्या माणसासारखा.
(हे माझं. टीचरना बस कुठली ठाऊक.)

टीचर भाचीकडे मडगावला गेल्या.
ओव्हन मला दिला आठशेला, तीन हप्त्यांत.
तिसरा हप्ता घेतलाच नाही.
बटणावरचे आकडे पुसलेत त्याच्या,
म्हणून दार उघडून हात आत धरते, मोजते.
सातला ओढावा लागला की ताट आत.
शेजारची नीलव्वा कन्नडात मोजते,
आणि ऐदूलाच हात काढते.
नाव तिच्या जिभेवर बसत नाही, इस्कोन म्हणते.
माझ्या तरी कुठं बसतंय.

महिनाभर साधेच केले.
मग सुटले.
संकेश्वरी मिरची, लसणासकट ठेचून:
त्या दिवशी चहा पुरला नाही.
खानापूरची करवंदं वाळवून.
कुंदा घातला तर कडेनं जळून कोळसा;
कुंद्याला कुंदाच राहू द्यावं.
रताळं किसून घातलं, वरून सोनं, आत चिखल.
गोकाकचा करदंट चिरून घातला,
त्यातला गूळ पाघळून ताटाला असा धरला
की उलथण्यानं खरवडून खाल्ला आम्ही दोघींनी.
"ह्येच बरं की वैनी," नीलव्वा म्हणाली,
"स्कोन कशाला मध्ये?"
शेपूचं तर विचारूच नका.

हे फौंड्रीत. रात्रभर वितळलेल्या लोखंडापुढं.
सहाला येतात, चहाबरोबर जे असेल ते खातात,
बरं वाईट बोलत नाहीत.
शेपूच्या दिवशी तेवढं म्हणाले, "औषध आहे काय?"

परवा आले, आंघोळ केली,
आणि ओट्याशी येऊन थांबले.
"मी करू काय?"
लोण्यात बोटं घातली मात्र,
ते सुटलं, ओघळलं, मनगटापर्यंत आलं.
बघत राहिले हाताकडे.
"भट्टी उतरतच नाही बघ यातून."

मी परातच ओढून घेतली.
म्हटलं, पेला तुम्ही धरा.
सरळ दाबा. पिळू नका.
अकरा काढले त्यांनी. एक वाकडा.

मग ओव्हनचं दार उघडून
दोघांनीही हात आत धरले.
मी सातला काढला.
ते आठ म्हणाले, नऊ म्हणाले,
बारापर्यंत गेले शांतपणे,
आणि म्हणाले,
"तापला नाही की अजून."